कावळ्यासमोर दिलेला शब्द

खडकफाट्यात लग्न लावायला भटजी एक वेळ दुसऱ्या गावचा चाले, पण माईकवर सावळेरामच लागे. दशक्रियेलाही तोच. पुणे-नाशिक रस्त्यावर, कळंबपासून जवळच हे गाव. आता त्याला गाव म्हटलेलं तिथल्या नगरसेवकांना आवडत नाही, कारण नगरपंचायत झाल्यापासून ते शहर आहे. शहर झालं म्हणजे काय झालं, तर ग्रामपंचायतीवरचा बोर्ड बदलला, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत फिरू लागली आणि कांद्याच्या वावरांतून प्लॉटिंगचे पांढरे दगड उभे राहिले. सावळेराम मात्र होता तसाच राहिला. सकाळी डेअरीत दुधाचं माप घ्यायचं, घरी येऊन अंघोळ करून पांढरा सदरा घालायचा आणि ज्याच्याकडे कार्य असेल त्याच्याकडे माईक धरायला जायचं.

काम वरवर पाहता सोपं. नावं घ्यायची. पण नावं घेणं सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या भागातल्या एखाद्या लग्नात माजी सभापतीचं नाव विद्यमान उपसभापतीच्या आधी घेऊन बघावं. वऱ्हाड जेवायचं राहतं आणि समजूत काढत बसावं लागतं. सावळेरामला हे सगळं मुखोद्गत होतं. कोण कोणाशी बोलत नाही, कोण कोणाच्या शेजारी बसत नाही, कोण उशिरा येऊनही पुढच्या खुर्चीकडेच बघतो, हे तो मांडवात शिरल्या शिरल्या ओळखे. एकदा दोन गटांचे दोन पुढारी एकाच वेळी मांडवाच्या दोन दारांनी आत आले. सगळे श्वास रोखून सावळेरामकडे बघू लागले. त्यानं शांतपणे नवरीच्या आजीचं नाव घेतलं, तिला स्टेजवर बोलावलं आणि तिच्या स्वागतासाठी दोघांनाही एकदमच पुढे यायला सांगितलं.

दशक्रियेचं काम त्याहून अवघड. आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर पाचशे माणूस सहज जमतं. प्रवचन होतं, पिंड ठेवला जातो, कावळ्याची वाट बघतात आणि मग पुढारी मंडळी एकेक करून श्रद्धांजली वाहतात. निवडणूक जवळ आली की श्रद्धांजल्या लांबतात. गेलेल्या माणसाचं नाव सुरुवातीला एकदा येतं, पुढे मग रस्ता, पाणी, निधी आणि विरोधकांचा नाकर्तेपणा. सावळेरामला हे कधी रुचलं नाही, पण पुढाऱ्यांना थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. म्हणून त्यानं स्वतःपुरती एक रीत ठेवली होती. आदल्या दिवशी तो त्या घरी जायचा, चुलीपाशी बसलेल्या बायकांशी बोलायचा आणि गेलेल्या माणसाबद्दल एक खरं वाक्य मागून आणायचा. सगळी भाषणं संपली की तो ते वाक्य माईकवर सांगायचा. ‘ह्या बाबांनी कधी दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापलं नाही.’ ‘ह्या मावशी रागावल्या की भाकरी जास्त करायच्या.’ एवढंच. आणि तेवढ्यानं घाटावरची माणसं डोळे पुसायची.

सोनीबाईच्या दशक्रियेला मात्र ते वाक्य राहून गेलं.

सोनीबाई त्याची शेजारीण. नात्यानं कोणी नाही, पण सावळेराम तिला वहिनी म्हणे आणि तिचा मुलगा भरत त्याला काका. नवरा लवकर गेला, तेव्हा भरत नुकता चालू लागला होता. सोनीबाईनं मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बाजारात विकून त्याला वाढवलं. बाई कामाला वाघ होती, पण घाई तिच्या स्वभावात नव्हती. तिची जमीन सारवलेली बघावी. हातानं ओढलेल्या अर्धगोल रेषा एकीशेजारी एक अशा यायच्या की त्यावर बसावंसं वाटू नये. सारवून झालं की ती उंबऱ्यात बसून राहायची, आणि आळीतलं पोर येवो, पाव्हणा येवो की तलाठी येवो, सगळ्यांना एकच सांगायची. “आजून वलं हाय. पाय ठिवू नका.”

एकदा घरात नवी जमीन चोपून केली होती, तेव्हा धाकट्या भरतनं धावत येऊन त्यात पाऊल उमटवलंच. सोनीबाईनं हात उगारला, पावलाकडे बघितलं आणि उगारलेला हात तसाच खाली घेतला. त्यानंतर कित्येक वर्षं ती त्या पावलाच्या कडेकडेनं सारवत राहिली. भरत पुढे मोठा झाला, जागांच्या व्यवहारात पडला, नगरसेवक झाला, घराला त्यानं चकचकीत फरशी बसवली. पण आईच्या खोलीतल्या जमिनीला तिनं हात लावू दिला नाही. कोणी विचारलं तर म्हणे, मला फरशीवर पाय घसरतो. खरं कारण आळीतल्या बायांना ठाऊक होतं.

ती गेली ती भाद्रपद सरता सरता. दहाव्याला घोड नदीचा घाट फुलून गेला, कारण भरतचं नाव होऊ घातलेल्या नगराध्यक्षांत घेतलं जात होतं. दोन माजी, एक आजी आणि चार इच्छुक पुढच्या रांगेत बसले होते. पिंड ठेवला गेला. कावळे होते, समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा होते, पण एकही खाली येईना. भरत हात जोडून उभा होता, आणि रडून रडून त्याचा चेहरा सुजला होता. मामा पुढे होऊन म्हणाला, तुझ्या पोराबाळांचं नीट होईल. कावळा नाही. भरतची थोरली बहीण म्हणाली, माहेर तुटू देणार नाही. कावळा नाही. पुढच्या रांगेतले लोक घड्याळं बघू लागले, मागे कुजबूज सुरू झाली, आणि ज्याच्या आईच्या पिंडाला कावळा शिवत नाही त्याला नगराध्यक्ष कोण करणार, असाही विचार कोणाच्या तरी मनात आलाच असेल.

सावळेरामला भरतचे हाल बघवेनात. तो माईकवर म्हणाला, “भरतशेठ, आईची काय इच्छा ऱ्हायली असंल ती बोला. आन् मंडळी, तुमी पिंडापासनं जरा मागं सरका.”

भरतनं डोळे मिटले. माईक त्याच्या तोंडाशीच होता. “आई,” तो म्हणाला, “ज्याला घर न्हाई त्याला तुझ्या नावानं घर बांधून दीन. वर्साच्या आत. तुझ्या पुण्यस्मरणाला चाव्या वाटीन.”

माणसं मागं सरकली, बाभळीवरून एक कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली. घाटभर निःश्वास गेला. पुढच्या रांगेतल्यांनी भरतच्या पाठीवर हात ठेवले. मग इतकी भाषणं झाली, की सावळेरामच्या खिशातलं वाक्य खिशातच राहिलं. आदल्या दिवशी त्याला ते कोणाकडे मागावंही लागलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या कानांनी हजारदा ऐकलं होतं.

शब्द दिला तेव्हा भरतच्या मनात खोट नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. पण शब्द घाटावरून गावात येईपर्यंतच त्याला पाय फुटले. आठवड्याभरात ‘घर बांधून देईन’चं ‘परवडणाऱ्या दरात घर’ झालं. पुण्याचा एक भागीदार मिळाला. ओढ्याच्या कडेची जागा होती, ती बरेच दिवस कोणी घेत नव्हतं. ओढा पाइपात घातला, वर मुरमाचे ढीग ओतले, रोलर फिरवला आणि सोनीबाईच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावून ‘सोनीबाई हाइट्स’चं भूमिपूजन झालं. ज्या कागदांना एरवी चपला झिजवाव्या लागतात, ते एका दुपारी सह्या होऊन आले. निवडणूक येत होती, आचारसंहिता लागायच्या आत चाव्या वाटलेल्या पक्षालाही हव्या होत्या, भागीदारालाही हव्या होत्या, आणि भरतला तर वर्षश्राद्धाची तारीख टळून चालणारच नव्हतं. तिघांच्या तीन घाया एका इमारतीत चिणल्या गेल्या.

पावसाळ्यापूर्वी एका इंजिनिअरनं म्हटलं होतं, की भराव बसू द्या, एक पावसाळा जाऊ द्या, स्लॅबचे टेकू इतक्या लवकर काढू नका. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि त्याच्या जागी दुसरा आणला. त्या सत्काराचं सूत्रसंचालनही सावळेरामनंच केलं होतं. त्याला तेव्हा कळलं नव्हतं, की आपण एका माणसाला घालवून देण्याचा समारंभ करतो आहोत.

आणि जाहिरातही त्याच्याच आवाजात. रिक्षाच्या टपावर भोंगा लावून ती रेकॉर्ड आणे-बेल्ह्यापासून घोडेगाव-शिनोलीपर्यंत फिरली. ‘माऊलीच्या स्मरणार्थ, हक्काचं घर.’ ज्या आवाजानं अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली आणि अर्ध्या तालुक्याला निरोप दिला, तो आवाज खोटं कशाला बोलेल? लोकांनी नावं दिली. पहिलं नाव इस्माईल शिंप्यानं दिलं.

इस्माईलची आणि सावळेरामची दोस्ती सदऱ्यावरची. सावळेरामचा प्रत्येक पांढरा सदरा इस्माईलनं शिवलेला. बाजारपेठेतलं त्याचं दुकान आणि मागची राहती खोली रस्ता रुंदीकरणात गेली, तेव्हापासून तो, बायको नसीम, मुलगा उमर आणि सून अमरीन असे चौघं मेहुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होते. अमरीनला सातवा महिना लागला होता. नसीमचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांनी तळमजला मागून घेतला. पुण्यस्मरणाच्या दिवशी पहिली चावी त्यांनाच मिळायची होती.

त्या दिवसाला आठवडा राहिला असताना इस्माईल सावळेरामला घर दाखवायला घेऊन गेला. पाऊस नुकता उघडला होता. इमारत रंगवलेली, पताका लावलेल्या, बाहेरून बघितली तर कोणीही हरखून जावं. इस्माईल हौसेनं दाखवत होता, इथं मशीन ठेवणार, उजेड चांगला येतो, इथं पाळणा. सावळेराम हूं हूं करत होता. नसीमनं थकून भिंतीला हात टेकला आणि काढला, तेव्हा तळहात ओला होता. तिनं तो पदराला पुसला. कोपऱ्यात फरशीच्या सांध्यातून पाणी पाझरून आलं होतं, खिडकीच्या चौकटीवर एक चीर तिरकी वर गेली होती. बाहेर आले तर लिफ्टच्या खड्ड्यातून बेडकांचा आवाज येत होता. वाकून बघितलं, तर गुडघाभर पाणी. पाइपातल्या ओढ्यानं आपली जुनी वाट शोधून काढली होती.

“बेडकांनी आपल्या आधीच ताबा घेतला, राव,” इस्माईल हसत म्हणाला. पण त्याचं हसू पुरतं आलं नाही.

नसीम हसली नाही. ती सावळेरामकडे बघत म्हणाली, “भाऊ, तुमचा आवाज ऐकला म्हनून आमी नाव दिलं. तुमीच सांगा. सुनंचं बाळ हितं आनायचं का?”

सावळेरामनं मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भरतच्या ऑफिसात गेला. भिंतीवर सोनीबाईचा हार घातलेला मोठा फोटो होता, खाली भरत बसला होता. वर्षभरात तो दहा वर्षांनी थकला होता. सावळेरामनं सगळं सांगितलं. भिंत, चीर, पाणी, बेडूक. भरतनं मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि त्यावरून सावळेरामला कळलं की ह्याला हे सगळं आधीच माहीत आहे.

“मग थांब की,” सावळेराम म्हणाला. “दोन महिनं, चार महिनं. लोक आयकतील.”

“लोक आयकतील काका. पक्ष बी आयकंल येखादवेळी. पर आई?” भरतचा आवाज चिरकला. “पाचशे मान्सांसमोर तिला शब्द दिलाय. तवा कुठं कावळा शिवला. मी जर आता तारीख मोडली, तर ती आडकून ऱ्हाईल ना कुठंतरी.” मग तो फोटोकडे न बघता हळूच म्हणाला, “आन् बोल म्हनून तुमीच सांगितलं व्हतं.”

नगराध्यक्षपदासाठी धडपडणारा नगरसेवक असता तर सावळेरामनं त्याला चार शब्द सुनावले असते. पण समोर आई गेलेलं पोरगं बसलं होतं. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत सावळेरामचाही वाटा होता. तो उठून घरी आला.

संध्याकाळी प्रयागबाई भाकरी थापत होती, तिच्यापाशी तो बसला. प्रयागबाई म्हणजे त्याची बायको, आणि सोनीबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी एकाच टोपलीतून बाजार केलेला. तिला सगळं सांगून तो म्हणाला, की भरतचं खोटं नाही, कावळा शब्दालाच आला होता, आपण डोळ्यांनी बघितलं.

प्रयागबाईनं भाकरी तव्यात टाकली. “आवं, कावळा शब्दाला न्हाई आला. तुमी मान्सांला मागं सरका म्हनाला, ती सरकली, म्हनून आला. त्येच्या आधी धा बापे पिंडावर वाकल्याले व्हते. मी कावळा आस्ते तर मी बी आले नस्ते.”

सावळेराम तिच्याकडे बघतच राहिला. त्याला हसू आलं. वर्षभर एक आख्खी इमारत, एक निवडणूक आणि एका लेकराचा जीव ज्या गोष्टीवर टांगला होता, ती गोष्ट ही बाई भाकरी उलटता उलटता सांगत होती.

“आन् सोनीला कवा घाई व्हती?” प्रयागबाई पुढे म्हणाली. “जल्मात कुनाला वल्यावर चालू दिलं न्हाई तिनं. ती कशाला म्हनंल पोराला, की वर्सात बांध?”

पुण्यस्मरणाचा दिवस उजाडला. इमारतीसमोर मांडव, कीर्तन, मागे बुंदीच्या कढया. सोनीबाईच्या फोटोखाली पुढाऱ्यांचे फोटो, तिच्याहून थोडेसेच लहान. सावळेरामनं इस्माईलनं शिवलेला सदरा घातला होता. कीर्तन झालं, फुलं पडली. आता चाव्या. इमारतीच्या पायरीवर भरत चाव्यांचं तबक घेऊन उभा राहिला, एक पाय वरच्या पायरीवर. फोटोवाले पुढे सरसावले. पहिल्या रांगेच्या कडेला इस्माईल नवी टोपी घालून बसला होता, शेजारी नसीम, आणि तिच्या खांद्याला टेकून अमरीन.

सावळेरामनं माईक हातात घेतला. पहिल्या चावीला इस्माईलचं नाव घेतलं नाही तर गावात पुन्हा कोणी आपल्याला माईक देणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि माईकशिवाय आपण कोण, हेही त्याला माहीत होतं. डेअरीत दुधाचं माप घेणारा एक म्हातारा.

“मंडळी,” तो म्हणाला, “माझी येक रीत तुमाला ठावं हाय. गेलेल्या मान्साबद्दल मी येक वाक्य सांगतो. सोनीवहिनींच्या दशक्रियेला ते ऱ्हायलं. लई भाषनं झाली, त्यात ऱ्हायलं. आज आधी ते सांगतो, मंग नावं.”

पुढच्या रांगेत चुळबूळ झाली. त्यानं तिकडे बघितलं नाही.

“वहिनी जमीन सारवायच्या आन् उंबऱ्यात बसून ऱ्हायच्या. तुमी, मी, समदे त्या उंबऱ्यात कवा ना कवा थांबलोय. त्या येकच म्हनायच्या.” आणि पुढचं त्यानं तिच्याच सुरात, तिच्याच ठेक्यात म्हटलं. “आजून वलं हाय. पाय ठिवू नका.”

मग मागे बायकांच्या बाजूला कोणीतरी हसल्यासारखं केलं, आणि ते हसू नव्हतं. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या. सोनीबाई मांडवात येऊन बसली असती तरी इतकी जाणवली नसती. भागीदार खुर्चीतून उठून सावळेरामच्या दिशेनं निघाला. पुढच्या रांगेतून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, म्हाताऱ्याकडनं माईक घ्या.

भरत खाली बघत होता. वरच्या पायरीवर ठेवलेल्या आपल्या पावलाकडे. मग त्यानं तो पाय हळूच मागं घेतला.

तबक त्यानं पायरीवरच ठेवलं आणि चालत सावळेरामकडे आला. भागीदारानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, त्याच्याकडे त्यानं बघितलंही नाही. माईक त्यानं हातात घेतला.

“आई म्हनती ते खरं हाय,” तो म्हणाला. “वलं हाय. इस्माईलचाचा, आज चावी देत न्हाई. कुनालाच देत न्हाई. कवा दीन त्याची तारीख सांगत न्हाई, तारखेनंच घात केलाय. पर पानी काढीन, वढा मोकळा करीन, आन् जे पाडाय लागंल ते पाडीन.”

पुढारी माणूस आणि तारीख सांगत नाही, हे खडकफाट्यानं पहिल्यांदा ऐकलं. पुढची रांग जेवायला न थांबता निघून गेली. बुंदी पुष्कळ उरली, ती मग आळीत वाटली.

पुढे व्हायचं ते झालं. भरतला तिकीट मिळालं नाही. भागीदारानं अंग काढून घेतलं. काही लोक भरतच्या दारात येऊन भांडून गेले, आणि त्यांचं भांडण वाजवी होतं, म्हणून तो ऐकून घेत राहिला. शाल-श्रीफळवाला इंजिनिअर परत आला, या वेळी सत्काराशिवाय. मुरूम उकरून ओढ्याला वाट करून दिली, तळमजल्यावर कोणी राहायचं नाही असं ठरलं, आणि खांबांना जाडजूड आधार देण्याचं काम सुरू झालं. ते सावकाश चाललं आहे. सावळेरामला पुढाऱ्यांची बोलावणी बंद झाली. लग्नं मात्र सुरू राहिली, आणि दशक्रियाही. आताशा लोक घरी येऊन सांगतात, की काका, भाषणं राहू द्या, आमच्या म्हातारीचं वाक्य तेवढं सांगा.

इस्माईलचं बिऱ्हाड सावळेरामच्या घरी आलं. हे कोणी कोणाला विचारलं नाही. प्रयागबाईनं पुढची खोली रिकामी केली, पडवीत इस्माईलची मशीन लागली. थंडीत अमरीनला मुलगा झाला. त्याचा पाळणा प्रयागबाईच्या आढ्याला बांधला.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, इस्माईल मशीनवर होता, सावळेराम त्याच्यापाशी बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. भरत अधूनमधून कामाचं सांगायला येतो, तसा आला. वरच्या मजल्यावरच्या भिंती आता कोरड्या लागतात, एवढंच सांगायचं होतं. प्रयागबाईनं सकाळी पडवी सारवली होती, हाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. त्या बघून भरत अंगणातच थांबला.

“ये की आत,” प्रयागबाई म्हणाली. “कवाच वाळलंय.”

भरतनं चपला काढल्या. मग तो वाकला, पडवीच्या कडेला तळहात टेकवून थोडा वेळ तसाच राहिला, आणि हात कोरडा निघाल्यावर त्यानं पाय आत टाकला.